पूल: कोचकडे शिकावं की एकट्यानं सराव करावा? आणि सराव नेमका कशाचा?

आठनंबरी

९ फुटी टेबलवर ८-बॉल आणि ९-बॉल खेळतो. जवळचे पॉट जातात (बॉल पॉकेटमध्ये पडतात), तीन-चार बॉल सलग निघतात आणि मग क्यूनं मारायचा पांढरा बॉल नको तिथे जाऊन बसतो. नुसते गेम खेळत राहून यापुढे काही सरकणार नाही, हे दिसतंय. जाणकारांनी यावर सांगावं:

१. पांढरा लांब, ऑब्जेक्ट बॉल (पांढऱ्यानं ज्याला मारायचं तो) टेबलच्या मध्याजवळ, पॉट एकदम सरळ. असे निम्मेसुद्धा जात नाहीत. चुकतात तेही कधी डावीकडे, कधी उजवीकडे. नेम चुकतोय की स्ट्रोक, हे ओळखायचं कसं?

२. ड्रॉ (मध्याच्या खाली मारून पांढरा मागे आणणं) जवळून छान येतो. ऑब्जेक्ट बॉल तीन डायमंडपेक्षा (टेबलच्या कडेवरच्या खुणा) लांब गेला की पांढरा जागीच थांबतो, नाहीतर पुढेच सरकतो. आणखी खाली मारायला गेलं की मिसक्यू, टिप बॉलवरून घसरते.

३. कोच लावायचा तर तो कामाचा आहे की नाही, हे पहिल्या एक-दोन लेसनमध्ये कशावरून कळेल?

४. आठवड्यातून तीनदा एकेक तास टेबल मिळतं. त्यात काय करावं, कोणत्या क्रमानं?

क्यू आणि ब्रँडच्या शिफारशी नकोत. क्यू सरळ आहे, टिप नीट आहे.

---

खिसेकापू

पहिल्या प्रश्नाचा हिशोब आधी मांडतो. एकदा तो आकडा बघितला की कोच कशासाठी, हे वेगळं सांगावं लागत नाही.

९ फुटी टेबलचा खेळायचा भाग १०० × ५० इंच. समजा पांढऱ्यापासून ऑब्जेक्ट बॉल ५० इंचांवर आहे आणि तिथून कोपऱ्याचं पॉकेट आणखी ५० इंच. पॉकेटचं तोंड साडेचार इंच, म्हणजे ११४ मिमी. बॉलचा व्यास ५७ मिमी. म्हणजे ऑब्जेक्ट बॉल पॉकेटपाशी पोचताना मधल्या रेषेपासून फार तर २८ मिमी इकडेतिकडे चालतो. १२७ सेंमीवर २८ मिमी म्हणजे सव्वा अंश. ऐकायला बरंच वाटतं, पण ही मोकळीक ऑब्जेक्ट बॉलला आहे. त्याला सव्वा अंशाच्या आत ठेवायचं तर आदळताना पांढरा ठरल्या जागेपासून १.३ मिमीपेक्षा जास्त बाजूला असून चालत नाही. आणि इतक्या लांबून १.३ मिमी म्हणजे एका अंशाचा जेमतेम सोळावा भाग. ब्रिजपासून (क्यू टेकवलेल्या पुढच्या हातापासून) मूठ ८० सेंमी मागे धरली, तर स्ट्रोकमध्ये मूठ एक मिमीसुद्धा आडवी सरकायला नको. काही बॉल पॉकेटच्या जबड्याला घासून आत पडतात, तेवढी सवलत धरा. तरी हे काम डोळ्यांचं कमी आणि हाताचं जास्त आहे.

आता तुमची चूक. कायम एकाच बाजूला चुकत असेल तर बहुतेक वेळा उभं राहण्यात किंवा नजरेत गडबड असते: डोकं क्यूवर जिथे हवं तिथे नसतं आणि वाकडी रेषा सरळ दिसते. कधी इकडे, कधी तिकडे चुकत असेल तर स्ट्रोक दर वेळी वेगळा पडतोय. तुमचं दुसऱ्या प्रकारात बसतं. खात्री करायला दोन चाचण्या पुरतात.

पहिली: ऑब्जेक्ट बॉल काढून टाका. पांढरा हेड स्पॉटवर (तुमच्या टोकाकडची खूण) ठेवा आणि फूट स्पॉटवरून (पलीकडच्या टोकाची खूण) समोरच्या कुशनला (रबरी काठाला) मध्यम वेगानं, बरोबर मधोमध मारा. मारून झाल्यावर हलू नका, टिप जिथे थांबली तिथेच राहू द्या. बॉल परत येऊन टिपला लागायला हवा. उजवीकडून परत आला तर बहुधा टिप मध्याच्या उजवीकडे लागली आहे. नकळत साइड, म्हणजे बाजूची फिरकी, दिली गेली. नंतर हाच शॉट टेबलच्या दुसऱ्या टोकाकडून मारून बघा. दोन्ही वेळा बॉल टेबलच्या एकाच लांब कुशनकडे ओढला जात असेल तर दोष टेबलच्या पातळीत आहे, तुमच्यात नाही.

दुसरी: पांढऱ्याऐवजी पट्टेवाला बॉल घ्या. पट्टा उभा, शॉटच्या रेषेत ठेवा आणि तोच शॉट मारा. पट्टा सरळ लोळत गेला तर साइड लागलेली नाही. डगमगला तर लागली आहे. बॉल उचलून चॉकचा ठिपका बघा, टिप कुठे लागली ते मिमीत कळतं. (प्रत्येक वेळी बॉल पुसा, नाहीतर जुन्या ठिपक्यांची गर्दी होते.) पट्टा सरळ लोळला आणि तरी बॉल रेषेतून सरकला, तर साइड नाही, दिशाच चुकली आहे. या दोन चुका दिसायला सारख्या असतात आणि त्यांचे उपाय वेगळे आहेत.

हे सगळं एकट्याला करता येतं. एकट्याला येत नाही ते एवढंच की चूक सापडल्यावर तिचं मूळ कुठे आहे ते बघणं. साइड लागण्यामागे शेवटच्या क्षणी घट्ट होणारी मूठ असेल, छातीला अडणारा क्यू असेल, पुढे आलेला खांदा असेल किंवा आधीच वाकडा लावलेला ब्रिज असेल. खाली वाकलेल्या माणसाला यातलं काही दिसत नाही. कोचचे पैसे याचे असतात.

चांगला कोच पहिला अर्धा तास फारसं बोलत नाही. तो तुम्हाला साधे पॉट मारायला लावतो, समोरून बघतो, बाजूनं बघतो, व्हिडिओ घेतो आणि मग एक गोष्ट बदलायला सांगतो. ती का बदलायची, ते व्हिडिओ थांबवून दाखवतो. आणि जाताना घरचा अभ्यास देतो, ज्यात आकडा असतो: दहापैकी किती. पहिल्याच लेसनला स्टान्स, मूठ, ब्रिज आणि नेम सगळं एकदम बदलायला लावणारा, किंवा पहिल्या तासाला साइडचे शॉट शिकवायला घेणारा, टाळलेला बरा. स्वतः सुंदर पॉट मारून दाखवण्यात ज्याचा वेळ जातो तो खेळाडू चांगला असेल, पण तुम्ही तिकिट काढून सामना बघताय असं समजा.

पद्धती वेगवेगळ्या आहेत. अमेरिकेतल्या पीबीआयए या प्रशिक्षकांच्या संस्थेतले बरेच जण सेट-पॉज-फिनिश शिकवतात. सेट म्हणजे सरावाचे दोन-तीन स्ट्रोक झाल्यावर टिप पांढऱ्याजवळ आणून थांबायचं आणि टिप हव्या त्या बिंदूवर आहे का ते बघायचं. पॉज म्हणजे क्यू मागे नेल्यावर पुढे येण्याआधी क्षणभर थांबा. फिनिश म्हणजे मारून झाल्यावर मूठ छातीजवळ येईपर्यंत जाऊ द्यायची आणि तिथेच राहायचं. यातला पॉज सगळ्यांना मानवत नाही. तो लांब करण्याची गरज नाही. मागून पुढे येताना झटका बसू नये एवढाच त्याचा हेतू. सेट मात्र कुणीच वगळू नये.

एका लेसननंतर पुढच्या लेसनपर्यंत तीन-चार आठवडे जाऊ द्या. नवीन सवय बसेपर्यंत खेळ थोडा खालावतो, हे गृहीत धरा. त्याच काळात घाबरून दुसऱ्या कोचकडे गेलात तर दोघांच्या अर्ध्या-अर्ध्या सवयी हातात राहतात.

---

टिपकागद

वरच्या प्रतिसादाशी सहमत. चौथ्या प्रश्नाबद्दल लिहितो.

एका तासाची विभागणी मी अशी सुचवेन: १० मिनिटं स्ट्रोक, २० मिनिटं पांढऱ्यावर ताबा, २० मिनिटं तीन-तीन बॉलची पोझिशन (पुढच्या पॉटसाठी पांढरा हव्या जागी आणणं), शेवटची १० मिनिटं गुण मोजून चाचणी. पॉटचा वेगळा सराव यात नाही, कारण वरच्या सगळ्यांत पॉट येतोच.

स्ट्रोकच्या १० मिनिटांत वर सांगितलेला हेड स्पॉटवरून परत येणारा शॉट आणि वेगाचा सराव. वेगासाठी: पांढरा हेड स्ट्रिंगवर (हेड स्पॉटमधून जाणारी आडवी रेषा) ठेवा, समोरच्या कुशनला लावून परत तुमच्या बाजूच्या कुशनपाशी आणा. कुशनपासून बॉल एका विताच्या आत थांबला तर गुण. मग तीन लांबी, मग चार. हा सराव कंटाळवाणा आहे आणि म्हणूनच कुणी करत नाही. पण पोझिशन बहुतेक वेळा दिशेमुळे बिघडत नाही, वेगामुळे बिघडते.

दुसरा भाग. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत फक्त स्टॉप शॉट. सरळ पॉट लावा, ऑब्जेक्ट बॉल पांढऱ्यापासून एक डायमंड लांब (९ फुटी टेबलवर एक डायमंड म्हणजे साडेबारा इंच). पॉट झाला आणि पांढरा जागच्या जागी थांबला तरच बरोबर. जमलं की अंतर एका डायमंडनं वाढवा, चुकलं की एकानं कमी करा. असं वरखाली करत राहिलात की सराव आपोआप तुमच्या क्षमतेच्या कडेवर राहतो: फार सोपाही नाही, फार अवघडही नाही. तासाच्या शेवटी कुठल्या डायमंडवर होतात ते वहीत लिहा. हीच वरखाली पद्धत फॉलो (पांढरा पुढे नेणं), ड्रॉ, कट (कोनातला पॉट), बँक (ऑब्जेक्ट बॉल कुशनला लावून पॉट), कशालाही लागू होते.

अंतर वाढलं की स्टॉपसाठी जास्त खाली किंवा जास्त जोरात मारावं लागतं. वाटेत कापडाच्या घर्षणानं उलटी फिरकी कमी होत जाते आणि पांढरा आदळण्याच्या क्षणी ती बरोबर शून्य हवी असते. म्हणून सहा डायमंडवरचा स्टॉप शॉट हा खरं तर मोजून मारलेला ड्रॉ असतो. तुमच्या ड्रॉच्या दुखण्याचं अर्धं उत्तर इथेच मिळेल.

स्टॉप बसला की पुढचा टप्पा. ऑब्जेक्ट बॉल बाजूच्या पॉकेटसमोर वीतभर अंतरावर ठेवा. पांढरा असा ठेवा की थोडा कोन राहील, १५ ते २० अंश. या पॉटमध्ये ऑब्जेक्ट बॉलची वाट लांब कुशनला काटकोनात असते, त्यामुळे पांढरा स्टन मारला (आदळताना त्याला पुढची-मागची फिरकी नसली) तर तो लांब कुशनला समांतर निघून आडव्या कुशनकडे जातो. मध्यावर किंवा जरा वर मारलं तर पुढे वळून त्याच लांब कुशनला लागतो. खाली मारलं तर मागे वळून टेबलच्या दुसऱ्या बाजूला येतो. कुशनवरच्या एकेका डायमंडजवळ ए४ कागद ठेवा आणि फक्त टिपची उंची आणि वेग बदलून पांढरा एकेका कागदावर आणा. साइड बिलकूल वापरायची नाही. साइडशिवाय टेबलच्या किती मोठ्या भागात पांढरा नेता येतो हे बघून बरेच जण चकित होतात.

बॉल दर वेळी त्याच जागी ठेवायला फायलीतल्या भोकांना चिकटवतात त्या कागदी रिंग वापरा. टेबलमालकाला आधी विचारा आणि काढताना कापड ओढू नका. रिंग नसेल तर बॉल दोन-तीन सेंमी इकडेतिकडे ठेवला जातो आणि दर वेळी वेगळाच शॉट मारला जातो. मग आज का गेला आणि काल का नाही याचा मेळ लागत नाही.

पांढरा कुठे जाईल त्याचे दोन नियम पाठ असू द्या. स्टन असेल तर पांढरा ऑब्जेक्ट बॉलच्या वाटेला ९० अंशांत निघतो. पांढरा लोळत आला असेल आणि चेंडूला पाव ते पाऊण भरून लागला असेल (म्हणजे कट साधारण १५ ते ४८ अंश), तर तो आपल्या मूळ दिशेपासून सुमारे ३० अंश वळतो. तर्जनी आणि मधलं बोट सैल फाकवलं की बहुतेकांच्या हाताचा कोन तेवढाच होतो. एक बोट मूळ दिशेत धरा, दुसरं पांढऱ्याची वाट दाखवेल. एकदम भरीव (जवळपास समोरासमोर) किंवा एकदम पातळ (नुसता कडेला) लागला की हा नियम धरू नका.

तिसरा भाग: तीन बॉल टेबलवर टाका, पांढरा हातात. मारण्याआधी तीन गोष्टी मोठ्यानं बोला: कोणता बॉल कोणत्या पॉकेटमध्ये, पांढरा कुठे थांबणार आणि पुढचा पॉट कुठल्या बाजूनं घेणार. पॉट गेला पण पांढरा सांगितलेल्या जागेपासून ए४ कागदाच्या बाहेर थांबला, तर तो चुकला असं धरा. पुढच्या बॉलसाठी शक्यतो सरळ पॉट मागू नका, थोडा कोन मागा. एकदम सरळ बॉलवरून पांढऱ्याला पुढे किंवा मागेच नेता येतं, आडवं नेता येत नाही. आणि पांढरा पोझिशनच्या रेषेला आडवा छेदत न आणता त्या रेषेच्या लांबीनं आत आणा. मग वेग थोडा चुकला तरी पांढरा रेषेवरच राहतो.

तीन-चारच बॉल निघून खेळ थांबतो, त्याचं मूळ बहुतेक इथेच असतं. चौथ्या बॉलला अडकलेला पांढरा दुसऱ्या बॉलला चुकीच्या बाजूला गेलेला असतो.

---

आठनंबरी

खिसेकापू, टिपकागद, खूप आभार. पट्टेवाल्या बॉलची चाचणी केली. हळू मारलं की पट्टा बऱ्यापैकी सरळ जातो, जोरात मारलं की डगमगतो आणि चॉकचा ठिपका ठरवलेल्या जागेच्या वर दिसतो. म्हणजे खाली मारायला जातोय आणि लागतंय वर.

अजून दोन शंका. कोपर खाली पडू देऊ नये असं बऱ्याच ठिकाणी सांगतात, पण मोठ्या खेळाडूंच्या व्हिडिओत ते पडताना स्पष्ट दिसतं. मग खरं काय? आणि घोस्ट बॉलनं (आदळताना पांढरा जिथे हवा तिथे मनात बॉल धरून) नेम धरूनही हळू मारलेले कट कायम भरीव लागतात, तेच जोरात मारले की जातात. असं का?

---

डबल_कुशन

तुमचा ठिपका आणि तुमची कोपराची शंका ही एकाच दुखण्याची दोन टोकं आहेत.

क्यू ब्रिजवर तरफेसारखा टेकलेला असतो. ब्रिजपासून टिप २५ सेंमी आणि मूठ ८० सेंमी धरा. कोपर खाली आलं आणि त्यामुळे मूठ २ सेंमी खाली आली, तर टिप ६ मिमी वर उचलली जाते. म्हणजे तुम्ही मध्याच्या ११ मिमी खाली नेम धरला आणि टिप लागली ५ मिमी खाली. जवळचा ड्रॉ यातूनही निघतो, लांबचा नाही. मोठ्या खेळाडूंचं कोपर पडतं ते बहुतेक वेळा टिप बॉलला लागून गेल्यावर. तेव्हा पांढरा निघून गेलेला असतो, पडलं काय नि राहिलं काय. बॉलला लागण्याआधी पडणारं कोपर घातक. डोळ्यांना या दोन गोष्टी सारख्याच दिसतात, म्हणून फोनवर स्लो मोशन, शक्यतो सेकंदाला २४० फ्रेम, बाजूनं, कोपराच्या उंचीवर. टिप पांढऱ्याला टेकते ती फ्रेम थांबवा आणि दोन गोष्टी बघा. कोपर सेटच्या वेळी होतं तिथेच आहे का? आणि कोपरापासून मनगटापर्यंतचा हात जमिनीला काटकोनात उभा आहे का? हात उभा असताना मूठ तिच्या झोक्याच्या तळाशी असते, तिथे मागेपुढे थोडं झालं तरी टिपची उंची फारशी बदलत नाही. मूठ फार मागे किंवा फार पुढे धरली की तीच चूक मोठी होते.

आता किती खाली मारायचं. मिसक्यूची सीमा साधारण बॉलच्या त्रिज्येच्या निम्म्यावर असते, म्हणजे मध्यापासून १४ मिमी. पट्टेवाला बॉल आडव्या पट्ट्यानं ठेवला तर बऱ्याच सेटमध्ये पट्ट्याची खालची कड जवळपास तिथेच येते, बघायला ती बरी खूण आहे. त्या सीमेला जाऊन भिडायची गरज नसते, हे मात्र फार कमी जण सांगतात. सीमेच्या ८० टक्के, म्हणजे ११ मिमीच्या आसपास खाली मारलं, तरी उलटी फिरकी वाटेत जितकं अंतर टिकते ते सीमेवर मारल्याच्या सुमारे ८५ टक्के असतं. उलट वेग दुप्पट केला तर ते अंतर चौपट होतं. म्हणून तीन डायमंडच्या पुढे ड्रॉ मरत असेल तर आणखी खाली जाऊ नका. उंची तीच ठेवा आणि वेग वाढवा. आणि वेग वाढवताना मूठ आवळू नका. मूठ आवळली की मनगट वळतं (पट्टा डगमगण्याचं बहुधा हेच कारण) आणि खांदा कामाला लागला की कोपर पडतं. वेग मागे जास्त नेण्यातून येऊ द्या, घट्ट पकडण्यातून नाही.

११ मिमी खाली म्हणजे क्यू किती खाली? टिप गोल असते, त्यामुळे बॉलला लागणारा तिचा बिंदू क्यूच्या मध्यापेक्षा वर असतो. १३ मिमीच्या टिपसाठी क्यू जवळपास आडवा धरला तर पुढच्या टोकाची खालची कड कापडापासून जेमतेम ७ मिमी वर येते. खाली वाकून एकदा पट्टीनं मोजून बघा. बहुतेकांना वाटतं आपण खाली आहोत आणि क्यूखाली बोट जाईल एवढी जागा असते. ब्रिजचा तळवा कापडावर पसरून खाली घ्या. नुसती टिप खाली करायला मागचा हात उचललात तर क्यू तिरका होतो आणि साइडचा थोडासा अंशही पांढऱ्याची वाट वाकवतो.

कट भरीव लागण्याचं कारण थ्रो. दोन बॉल आदळताना त्यांच्यात घर्षण होतं आणि पांढरा ज्या दिशेनं घासतो त्या दिशेला ऑब्जेक्ट बॉल थोडा ओढला जातो. म्हणून तो घोस्ट बॉलनं सांगितलेल्या रेषेपेक्षा कमी कट होऊन जातो. हळू मारलेल्या, स्टनच्या, अर्ध्या बॉलच्या कटला हा परिणाम मोठा असतो, ४ अंश सहज. एक मीटर पुढे ४ अंश म्हणजे ७ सेंमी. पॉकेटचं तोंड साडेअकरा सेंमी असताना त्यात बॉल कसा जाईल? जोरात मारलं किंवा पांढरा छान लोळत आला की थ्रो कमी होतो. तुमचे जोरातले कट जातात ते यामुळे. बॉल मळकट असतील किंवा लागतो त्या जागी चॉक चिकटला असेल तर थ्रो आणखी वाढतो.

उपाय: हळू स्टन मारायचा असेल तर नेम थोडा पातळ धरा. किंवा कटच्या बाहेरच्या बाजूची थोडी साइड द्या, तिनं घासणं कमी होतं. दुसरा उपाय सध्या बाजूला ठेवा, कारण साइड दिली की पांढरा स्वतः थोडा उलट्या बाजूला सरकून निघतो आणि एक हिशोब सोडवायला दुसरा डोक्यावर बसतो. एकच ३० अंशांचा कट घ्या, रिंग लावून ठेवा आणि हळू, मध्यम, जोरात असा आलटूनपालटून मारा. दर वेगाला नेम किती बदलावा लागतो ते डोळ्यांत बसलं की घोस्ट बॉल पुरतो. नेमाच्या आणखी पद्धती शोधत बसू नका, अवघड नावांची यादी वाढते, पॉट नाही.

टिपकागद यांच्या विभागणीत एक बदल सुचवतो. नवीन गोष्ट शिकताना एकच शॉट सलग मारणं ठीक. पण ती हातात बसू लागली की तोच शॉट दोनदा सलग मारू नका. स्टॉप, कट, ड्रॉ असे मिसळा आणि दर वेळी उभं राहून, चॉक लावून, नव्यानं खाली वाका. गेममध्ये तोच शॉट लागोपाठ वीस वेळा कधीच येत नाही.

---

टिपकागद

डबल_कुशन, मिसळण्याबद्दल मान्य, फक्त आठनंबरींना पहिले दोन-तीन आठवडे स्टॉप सलगच करू द्यावा. कोपराची सवय मोडायची आहे, तिथे तेच ते करणं उपयोगी पडतं. आणि वेग वाढवायचा तोही एकदम नको. बॉल दोन डायमंडवर ठेवून ठिपका ११ मिमीवर दहापैकी आठदा येईपर्यंत त्याच वेगात राहा, मग पुढे.

---

नऊ_शिल्लक

वरच्या तिघांनी तंत्र सांगितलंय, चाचणीच्या शेवटच्या १० मिनिटांबद्दल थोडं.

भुताशी खेळा, म्हणजे कधीच न चुकणाऱ्या काल्पनिक प्रतिस्पर्ध्याशी. ९-बॉलचा पूर्ण रॅक नको, आधी तीनच बॉल: १, २, ३. ब्रेक करा (रचलेले बॉल फोडा), ब्रेकमध्ये जे पडतील ते पडू द्या (पांढरा पडला तरी हरकत नाही), मग पांढरा हातात घेऊन हवा तिथे ठेवा आणि उरलेले बॉल क्रमानं काढा. एकही चूक झाली, फाउल झाला, की रॅक भुताचा. सगळे निघाले की तुमचा. पाचपर्यंत शर्यत लावा, सातपर्यंत एका तासाच्या सरावात बसत नाही. सलग तीन शर्यती जिंकलात की चार बॉल, मग पाच. हरलात तर एक बॉल कमी. सेफ्टी (पॉट न करता समोरच्याला अडवणं) खेळायला परवानगी नाही, त्यामुळे अवघड बॉल टाळता येत नाही आणि पोझिशन कुठे बिघडली ते लगेच समोर येतं. चुकलेल्या रॅकपुढे एक अक्षर लिहा: पॉट चुकला तर 'प', पांढरा चुकीच्या जागी गेल्यामुळे पॉट अवघड झाला तर 'ज', बेत चुकीचा होता तर 'ब'. महिन्याच्या वहीत 'ज' जास्त असतील तर स्टॉप आणि वेगाला जास्त वेळ द्या, 'प' जास्त असतील तर व्हिडिओ काढून कोचकडे जा. कोचला ही वही दाखवली तर त्याचा पहिला अर्धा तास वाचतो.

ब्रेकचा सराव या १० मिनिटांतच होऊन जातो, पण जोर काढायला जाऊ नका. पहिल्या बॉलला पांढरा अगदी भरीव लागून टेबलच्या मध्याजवळ थांबला, तर तो चांगला ब्रेक. पांढरा उडून कुशन ओलांडत असेल किंवा पॉकेटमध्ये जात असेल तर वेग तीन-चतुर्थांश करा आणि भरीव लागतोय का ते आधी बघा.

आणि थकलात की थांबा. शेवटची १० मिनिटं खांदे उचलून, मान वर करून मारलेले स्ट्रोकही हाताच्या लक्षात राहतात.

---

आठनंबरी

क्यूखाली पट्टी लावून बघितली, १५ मिमी. ब्रिज खाली घेतल्यावर ८ वर आला. आता दोन डायमंडवर स्टॉप सुरू करतो, वेग टिपकागद म्हणतात तसा टप्प्याटप्प्यानं. वही केली आहे, 'प', 'ज', 'ब' असे तीन रकाने आखून. नऊ_शिल्लक, एक विचारायचं राहिलं: रॅकमध्ये पहिला बॉल ब्रेकवरच पडला तर पुढचा क्रमानं दोन नंबरपासून धरायचा ना?

---

नऊ_शिल्लक

हो, टेबलवर जो सगळ्यात लहान नंबर उरला असेल त्याच्यापासून. ब्रेकवर ३ पडला तर तोही गेला असं धरा, परत ठेवू नका. तिन्ही पडले तर तो रॅक तुमचा, पण वहीत त्यापुढे 'न' लिहा: नशीब.